दोन रिंगांची कमांड

पनवेलच्या मोहल्ल्यात शाहीद तुंगेकर म्हणून एक माणूस राहत असे. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी भेटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तीच त्याची अडचण होती. सगळ्यांशी गोड राहणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी कडू व्हावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शाहीदची चिकटली. पुढे मग सगळं आयुष्य तो ती सोडवत बसला.

ऐन तारुण्यात तो कुवेतला गेला. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होता. सुट्टीवर यायचा, महिनाभर राहायचा, परत जायचा. तो निघाला की त्याची आई हव्वाबी घरात कुणालाही त्याच्या अंथरुणाला हात लावू देत नसे. सतरंजी, वर गादी, वर त्याची चादर, सगळं जसंच्या तसं. रात्री त्याच्या नावचं ताटही वाढून ठेवायची. मग कधीतरी समोरच्या अब्दुल्लाशेटच्या किराणा दुकानातला फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. उचलायचा नसे. उचलला की पलीकडे दिनार पडतात. दोन रिंगा म्हणजे शाहीद सुखरूप पोचला. अब्दुल्लाशेट दुकानातूनच हात हलवायचे, आणि मगच हव्वाबी अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकायची.

गल्फमध्ये माणूस असलेल्या घराघरात या दोन रिंगा चालत. अंथरुणाची भानगड मात्र हव्वाबीची एकटीची. शेजारणी थट्टा करत. ती म्हणायची, "घरातून गेला म्हणजे पोचला, असं कोणी सांगितलं? पोचल्याची खबर येईपर्यंत माणूस घरचाच. अंथरूण काय खायला मागतंय?"

नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. फोन बंद, पत्रं बंद. रेडिओवरच्या बातम्या ऐकून मोहल्ल्यात रडारड सुरू झाली. हव्वाबीनं रडण्याआधी एक गोष्ट केली. माळ्यावरचं अंथरूण खाली काढलं आणि त्याच्या जागेवर घातलं. खबर नाही ना, मग माणूस घरचा. वाळवंटातून, अम्मानवरून, अंगावरच्या कपड्यांनिशी शाहीद दारात येऊन उभा राहिला तेव्हा घरात जेवायला फारसं काही नव्हतं, पण त्याची चादर घातलेली होती. तो त्या चादरीवर पडला आणि दोन दिवस उठला नाही.

त्यानंतर त्यानं परदेशाचं नाव काढलं नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत उदयसिंह म्हणून एका हौशी गृहस्थांनी छोटा कारखाना काढला होता, तिथे तो लागला. उदयसिंह दिलदार माणूस. बोलताना खो खो हसायचे आणि हसता हसता निर्णय घेऊन मोकळे व्हायचे. प्रोग्राम लिहायला दिपा होती, उरणकडची, डिप्लोमा झालेली, बोलायला फटकळ, कामात चोख. ही तिघं मिळून एक डबा बनवत होती. एका तारेवरून लांबच्या जागेचा फोनही चालेल आणि पंपाचे, टाक्यांचे आकडेही येतील, असा डबा. त्या टोकाला एक, या टोकाला एक. खुबी अशी, की लांबच्या डब्यात काही बदल करायचा तर तिथे जायला नको. तळोज्यात बसून त्याच तारेवरून हुकूम द्यायचा. तारेवरून आकडे किती वेगानं धावायचे तो वेग बदल, अमुक जोड, तमुक तोड.

आता दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर काहीतरी रीत ठरवावी लागते. कुणी काय म्हणायचं, कशाला काय उत्तर द्यायचं. त्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. आणि त्यातली खरी मारामारी एवढीच, की डब्यानं कुठले हुकूम ऐकायचे आणि कुठले त्याला माहीतच नसावेत. तिघांनी आठ ठरवले होते. कागदावर इंग्रजी नावं होती, पण बोलण्यात आपली मराठीच. 'वाच' आणि 'लिही' ही तर सरळच होती. 'पूस', 'उतरव' म्हणजे एका डब्याची मांडणी दुसऱ्यात घाल. 'कुलूप' म्हणजे मी बदल करतोय तोवर दुसऱ्यानं हात लावू नये, आणि मग 'उघड'. उरलेल्या दोन कमांड शाहीदनं सुचवल्या होत्या. एक 'हाकल': कुलूप लावून कुणी जेवायला निघून गेला तर त्याला बाहेर काढायची. दुसरी 'कायम'.

'कायम' ही हव्वाबीची. लांबच्या डब्याला नवा हुकूम दिला, की त्यानं तो पाळायचा, पण जुनी मांडणी फेकायची नाही. बाजूला घालून ठेवायची. दहा मिनिटांत तळोज्याहून 'कायम' असा निरोप पोचला, तर नवं खरं. नाही पोचला, म्हणजे नव्या मांडणीनं वाटच बंद झाली असणार. मग डब्यानं आपल्या आपण जुन्यावर परत यायचं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, ही साधी गोष्ट.

पहिला नमुना पाताळगंगेच्या काठी आपट्याला बसला. तिथे एका रसायनांच्या कारखान्याचं पंपघर होतं. नदीचं पाणी उपसून कारखान्याला पाठवायचं. राखणीला जैतू नावाचा कातकरी होता. तो आणि त्याची बायको धोंडी पंपघरामागच्या खोपटात राहत. वाडी अर्ध्या तासावर, आणि सगळ्या वाडीला फोन म्हणून जो काही होता तो पंपघरातलाच. कुणी अडलं, पडलं, की जैतू फोन उचलायचा आणि कारखान्याची जीप यायची. तो फोन आता शाहीदच्या डब्यातून जाणार होता.

"सायेब, ह्यो बंद नाय ना पडायचा?" जैतूनं विचारलं. "वाडीला दुसरं काय नाय."

शाहीद त्या दिवसांत सारखे नवेनवे वेग घालून बघत असे. फोन मधेच मुका व्हायचा आणि थोड्या वेळानं बोलका. त्यानं जैतूला समजावलं. "मुका झाला तर घाबरायचं नाही, जैतूदादा. खाली ठेवायचा आणि थांबायचं. एक बिडी ओढून होईपर्यंत आपोआप परत येतो."

जैतूनं दोनतीनदा करून पाहिलं. बिडी संपायच्या आत फोन बोलका व्हायचा. त्याला त्याची मोठी गंमत वाटली. धोंडीलाही बोलावून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून हसली आणि शाहीदला बिनदुधाचा चहा दिला, गूळ घालून.

नमुना पसंत पडला आणि खरे डबे करायची वेळ आली, तेव्हा पेच पडला. खऱ्या डब्यातली चिप लहान होती. दिपानं सांगून टाकलं, "सर, आठ बसत नाहीत. सात बसतात."

उदयसिंहांच्या केबिनमध्ये तिघं बसली. चौथा होता सुभाष, त्या रसायनांच्या कारखान्याचा इंजिनिअर. गिऱ्हाईक म्हणून आलेला. वाच-लिहीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. 'पूस' निरर्थक आहे, कोरं लिहिलं की पुसल्यासारखंच होतं, असं दिपाचं म्हणणं. पण सुभाषच्या साहेबांनी ती मागून घेतली होती. 'उतरव' नसली तर बिघडलेला डबा बदलताना सगळं हातानं भरावं लागलं असतं. कुलपावर उदयसिंह अडून बसले. सुभाषच्या कारखान्यात दोन पाळ्यांच्या दोन माणसांनी एकाच वेळी हुकूम देऊन पंप उलटसुलट केले होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"एक कमांड वाढली की डब्याला एक दार वाढलं," उदयसिंह म्हणाले. "जेवढी दारं कमी तेवढा चोर कमी."

राहता राहिल्या शाहीदच्या दोन. दिपा पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "हाकल काढली आणि बाकी जरा आवळलं, तर कायम बसवते मी. कायम काढली तर हाकल सहज बसेल. दोन्ही नाही."

"दोन्ही तुमचीच लेकरं, शाहीदभाई," उदयसिंह हसले. "कुठलं ठेवायचं, तुम्हीच सांगा."

आता इथे या भल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. 'हाकल' ही त्याची स्वतःची अक्कल. दिपासारखी फटकळ मुलगी ती ऐकून म्हणाली होती, "हे मला नसतं सुचलं." आणि 'कायम'ची हकीकत त्यानं एकदा भाबडेपणी सगळ्यांना सांगितली होती, रिंगा आणि अंथरुणासकट. तेव्हा उदयसिंह खो खो हसून म्हणाले होते, "म्हणजे ही अम्मींची कमांड!" आणि सुभाषनं वर टाकलं होतं, "मग डब्याबरोबर अम्मींनाही पाठवणार का?" सगळे हसले, शाहीदही हसला. पण ते त्याला लागलं होतं. आज तोच सुभाष समोर बसून पेन फिरवत होता. त्याच्यासमोर पुन्हा अंथरूण पसरायची शाहीदला लाज वाटली. स्वतःच्या आईची लाज वाटली, हे त्यानं स्वतःलाही कळू दिलं नाही.

"कायम काढू या," तो म्हणाला. "हुकूम देणारा सावध असला की तिची गरज नाही. आणि आपटा काय लांब आहे? जाऊन डब्यावरचं बटण दाबलं की तो मूळच्या मांडणीवर येतो."

दिपानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की," तो म्हणाला. नाही म्हणायची हीच ती एक वेळ होती आणि ती गेली.

आपट्याच्या नमुन्यातली चिप काढून ही लहान चिप बसवायला तो स्वतः गेला. जैतू होता, धोंडी होती, गुळाचा चहा झाला. जैतूनं वाडीतल्या एका बाळंतिणीची गोष्ट सांगितली. फोन केला आणि जीप वेळेवर आली, पोरगा झाला. शाहीदला बरं वाटलं. चिप बसवून तो निघाला. फाट्यावर एसटीची वाट बघताना त्याच्या मनात आलं, अरे, बिडीचं सांगायचं राहिलं. आता फोन मुका झाला तर तो आपोआप परत यायचा नाही. तो दोन पावलं मागे वळलासुद्धा. तेवढ्यात एसटी आली. पुढल्या खेपेला सांगू, असं म्हणून तो चढला.

पुढली खेप लवकर आली नाही. पावसाळा सरला, दिवाळी तोंडावर आली. नदीकाठी गवत कमरेएवढं वाढलं होतं. एका दुपारी सुभाषचा फोन आला, आपट्याचे आकडे फार हळू येतात, वेग वाढवून द्या. शाहीदनं कुलूप लावलं, नवा वेग लिहिला, पाठवला. डब्यानं 'ठीक' असं उत्तर दिलं आणि त्यानंतर काहीच बोलला नाही. ती जुनाट तार तेवढ्या वेगाला पुरी पडणारी नव्हती. डब्यानं इमानानं हुकूम पाळला आणि स्वतःचीच वाट बुजवून घेतली.

शाहीद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. घाई नव्हती. दहा मिनिटांत येईल परत. निम्मा वेळ गेल्यावर तो खुर्चीतून ताडकन उठला. मनाला जुनी सवय होती, पण डब्यातून ती गोष्ट त्यानंच काढून टाकली होती. उदयसिंहांची स्कूटर घेऊन तो निघाला. बटण दाबायचं होतं, बाकी काही नाही, असं स्वतःला सांगत तो पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागला.

आपटा फाट्याच्या अलीकडे त्याला माणसं दिसली. बांबूला बांधलेली झोळी दोघांच्या खांद्यावर होती, आणि मागून जैतू अनवाणी पळत होता. झोळीत धोंडी होती. गवत कापताना तिला घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

विटांचा एक रिकामा ट्रक शाहीदनं रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला. पनवेलच्या दवाखान्यात त्यांनी तिला नेलं. दिवेलागणीला ती गेली.

"थोडं आधी आणलं असतं तर?" शाहीदनं डॉक्टरांना विचारलं.

"आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणता येतं," डॉक्टर म्हणाले. "वाचलीच असती असं मी म्हणत नाही." ही दोन वाक्यं शाहीदला पुढे जन्मभर पुरली. पहिलं आठवलं की दुसरं शोधायचा, आणि दुसरं सापडलं की पहिलं पुढे यायचं.

जैतू बाहेर कट्ट्यावर बसला होता. तो रडत नव्हता. शाहीद शेजारी जाऊन बसला तसा तो आपणहून बोलायला लागला, सगळं नीट सांगितलं पाहिजे अशा आवाजात.

"फोन मुका व्हता, सायेब. तुमी सांगितलं व्हतं, घाबराचा नाय, थांबाचा. मी थांबलो. एक बिडी वढली. उचलला, नाय आला. मंग म्हनलं आपलीच बिडी लवकर सरली आसंल. दुसरी वढली. धोंडी म्हने, चला, उचला मला. मी तिला म्हनलं, थांब गं, सायेबानं सांगितलंय, येतोय. तिसरी पेटवली तवा ती वकली. मंग वाडीवर पळालो."

तळोज्यात तो घड्याळाकडे बघत बसला होता आणि इकडे त्याच वेळेला जैतू बिडीकडे. दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होते, आणि ती आता नाही हे दोघांपैकी एकाला तरी माहीत असायला हवं होतं.

"जैतूदादा, ते मी काढून टाकलं होतं," शेवटी तो म्हणाला. "आपोआप यायचं ते. तुम्हाला सांगायचं राहिलं."

जैतूनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं की नाही कोण जाणे. "राहिलं व्हय," एवढंच तो म्हणाला, आणि वाडीची माणसं आली तसा उठून गेला.

घरी येऊन शाहीदनं हव्वाबीला सगळं सांगितलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, पण खोटं समाधान केलं नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. "लोक मला हसायचे, शाहीद," ती म्हणाली. "मी काय कोणाला विचारून तुझं अंथरूण ठेवत नव्हते."

दुसऱ्या दिवशी त्यानं केबिनमध्ये जाऊन सांगितलं, कायम परत घालायची, हाकल काढा नाही तर मला काढा. उदयसिंह या वेळी हसले नाहीत. त्यांनी सगळीकडे मोठी चिप लावायची ठरवली. दिपानं आठही कमांड बसवल्या, आणि सुभाषनं मान खाली घालून कागदावर सही केली. बैल गेला नि झोपा केला. गंमत म्हणायची तर अशी, की ती 'हाकल', जिच्यासाठी हे सगळं झालं, ती इतक्या वर्षांत कुणी एकदाही वापरली नाही. शाहीदला ते ठाऊक होतं. कंपनीत कुणी नवीन आलं, हुशारीनं एखादी कमांड सुचवली, की तो एवढंच विचारायचा, "त्या टोकाला कोण बसतं?" नवं पोर गोंधळायचं.

नवी चिप घेऊन तो पुन्हा आपट्याला गेला. खोपट पडलं होतं. जैतू आता वाडीवरून येऊन जाऊन राखण करायचा. चहा झाला नाही. शाहीदनं चिप बसवली आणि जैतूला समोर बसवून, एकेक शब्द सावकाश उच्चारत सांगितलं, की आता ते परत घातलंय. आता फोन मुका झाला तर थांबायचं, तो नक्की येतो. मी दाखवतो.

"बरं झालं," जैतू म्हणाला.

ठरल्याप्रमाणे तळोज्याहून दिपानं मुद्दाम चुकीचा वेग पाठवला. जैतूनं फोन उचलून कानाला लावला. मुका होता. त्यानं तो जागेवर ठेवला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि दाराबाहेर पडला.

"जैतूदादा, थांबा," शाहीद मागून म्हणाला. "येईल आता. बिडी पेटवा एक."

"बिडी सोडली, सायेब," जैतू म्हणाला. "आन फोन मुका झाला का मी आता चालाया लागतो. तुमी थांबा." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शाहीदला सोसला असता.

तो बांधावरून वाडीच्या दिशेनं निघाला. शाहीद पंपघराच्या दारात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. जैतू पार पलीकडच्या शेतात पोचला, आणि मग आत फोन वाजला. शाहीदनं आत जाऊन तो उचलला.

"आला का परत?" दिपानं विचारलं.

"हो," शाहीद म्हणाला. "फोन आला."